कोरफडीची हिरवी झाक

धुळे, ९ जानेवारी १९३८

चि. कुंदास,

मामाचे आशीर्वाद तुला न मागता मिळतात, तसे आजही घे.

ड्रॉइंग मास्तराने पेन्शनीत निघाल्यावर काय केलं, असं उद्या कोणी विचारलं तर तुला उत्तर देता यावं म्हणून हे पत्र. केळीच्या पिठाची बिस्किटं विसर. शाईच्या गोळ्याही विसर. (त्या पाण्यात विरघळत नव्हत्या, हे मी आता मान्य करतो.) या वेळी जे हाती लागलं आहे त्याची जातच वेगळी.

कोरफड! सोनगीरच्या किल्ल्याच्या उतारावर ती इतकी माजली आहे की शेळीसुद्धा वळसा घालून जाते. सुकदेव, तोच, ज्याच्या बैलगाडीतून तू लहानपणी पडली होतीस, तो आठवड्याला एक गाडी भरून आणतो. अख्खी पानं मी उसाच्या चरकातून काढतो. बंद पडलेल्या एका रसवंतीचा लाकडी चरक आणून पडवीत बसवला आहे. थेंब वाया जात नाही. त्या रसात मेण, तिळाचं तेल आणि टाकणखार घालून घोटलं की असा लेप उतरतो, की तोंडाला लावायच्या विलायती स्नोने दुकानातून आपण होऊन खाली उतरावं. संस्कृतात कोरफडीला कुमारी म्हणतात, म्हणून नाव ‘कुमारी स्नो’. तुझी मामी म्हणते, लग्न झालेल्या बायका मग घेणार नाहीत. तिचं नेहमीचंच.

आता खरी गंमत. हा लेप गरम पाण्यात कालवून, गाळून, काचेच्या पेल्यात उन्हात धरला की त्यातून हिरवी झाक मारते. पोपटाच्या पंखासारखी! गल्लीतली माणसं बघायला येतात आणि पेला फिरवून फिरवून बघतात. हे कोरफडीचं तेज, कुंदा. हेच त्वचेत उतरतं, माणूस उजळतो. लेबलावर छापणार आहे: ‘उन्हात पारखून घ्या.’

बन्सीलालशेठच्या तेलगिरणीत तुझी सही झाल्याखेरीज तेलाचा डबा बाहेर पडत नाही, असं ऐकतो. अभिमान वाटतो. आपल्या गल्लीतला हिलाल जळगावला येतो आहे, त्याच्याबरोबर पहिली डबी पाठवतो. हातांना लाव, तोंडाला लाव, आणि दोन ओळी प्रशस्तीच्या लिहून पाठव. खाली सही आणि पदवी. पदवी ठळक.

तुझा,
लीलाधरमामा

(खाली पेन्सिलीने) कुंदा, हाऊ चरक घरमा उना तवयपाईन मनी पडवी चिकट व्हयी गई शे. तूच सांग त्यासले. तुनं ऐकतीन. — मामी

•

जळगाव, १६ जानेवारी १९३८

ती. मामांस,

नमस्कार. डबी पोहोचली. झाकण घट्ट होते, सांडले नाही.

तुम्ही बाबांची समजूत घालून मला पुण्याला शिकायला पाठवलेत, हे मी विसरलेले नाही. तेव्हा तुम्ही बाबांना म्हणाला होतात, “पोरगी खोटं बोलत नाही, तिला शास्त्र जमेल.” त्यामुळे खरे लिहिणे भाग आहे.

कोरफडीचे पान म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन आहेत. सालीच्या लगेच आत बारीक नळ्या असतात आणि त्यांत पिवळा, अतिशय कडू चीक असतो. त्याच्या आत पारदर्शक गर असतो. चीक वाळवला की बाजारात मिळतो तो काळा बोळ होतो. त्यातल्या मुख्य द्रव्याला ॲलोइन म्हणतात. ते जुलाबाचे औषध आहे. औषधांच्या सरकारी ग्रंथात बोळाची मात्रा दोन ते पाच ग्रेन दिली आहे, आणि परिणाम आठ ते बारा तासांनी दिसतो. त्वचेला त्याचा उपयोग नाही. उलट पुष्कळांना खाज सुटते आणि कपड्यांवर तपकिरी डाग पडतात.

त्वचेला उपयोगी पडतो तो गर. त्यात शंभरापैकी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव भाग पाणी असते. उरलेल्या भागात शर्करेपासून बनलेला एक चिकट डिंक, थोडे क्षार आणि थोडी आम्ले असतात. हा डिंक पाणी धरून ठेवतो. त्यामुळे त्वचेवर ओलसर पातळ थर राहतो, थंडावा वाटतो, कोरडी त्वचा मऊ होते. क्ष-किरणांनी भाजलेली त्वचा ताज्या पानाने बरी झाल्याचे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी छापले आहे. रोगी थोडे आहेत, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. गोरेपणाबद्दल कोणताही पुरावा मला सापडला नाही.

आता हिरव्या झाकेबद्दल. तुमचे निरीक्षण अचूक आहे. मी इथे मेण, तेल आणि टाकणखार यांचा कोरफडीवाचून एक लेप करून पाहिला. त्यात झाक नाही. तुमच्या लेपात आहे. बोळाच्या पाण्यात टाकणखार घातला की उन्हात हिरवी झाक येते. ही प्रयोगशाळेतली नेहमीची परीक्षा आहे. ती तेजाची नसून जुलाबाच्या द्रव्याची आहे. ‘उन्हात पारखून घ्या’ असे छापलेत, तर प्रत्येक गिऱ्हाईक उन्हात उभे राहून तुमच्या मालातला दोष स्वतः पारखून घेईल.

चरकात अख्खे पान घातल्याने चीक आणि गर एक झाले आहेत. पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून टांगावे. पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा. मग धुऊन, साल हिरव्या भागासकट जाड काढून, फक्त गर घ्यावा. तो फार टिकत नाही, हेही सांगते.

आज या लेपाखाली माझी सही देता येणार नाही. मामींना नमस्कार. पडवी कोमट पाण्याने आणि सोड्याने स्वच्छ होईल.

कुंदा

•

धुळे, २२ जानेवारी १९३८

चि. कुंदास आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मामीला एकदा वाचून दाखवलं. तिने मान डोलावली ती तुझ्या बाजूने.

साडेअठ्ठ्याण्णव भाग पाणी! अगं, माणसातही पाणीच असतं म्हणतात, म्हणून आपण माणसाला घागर म्हणतो का? तू कोरफडीवर जरा रागावलेली दिसतेस. असो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं आहे हे तू स्वतः लिहिलंस, माझं निरीक्षण अचूक आहे हेही तूच लिहिलंस. मला तेवढं पुरेसं आहे. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना पत्र दाखवलं, त्यांनीही त्या दोन वाक्यांखाली रेघ ओढून परत दिलं.

पानं टांगायची म्हणतेस. कुठे टांगू? दारावर एक आहेच उलटी, दृष्ट लागू नये म्हणून. गाडीभर पानं टांगली तर लोकांना वाटेल या घराला सगळ्या जिल्ह्याची दृष्ट लागली आहे. आणि सुरीने एकेक पान सोलायचं, तर तिकडे विलायती स्नो दहा गावं पुढे जाईल.

लेबलांचं काम मार्गी लागलं आहे. चित्र मीच काढलं: आरशात पाहणारी स्त्री. मामी म्हणते, ही बाई आरशात नाही, विहिरीत पाहते आहे. १३ फेब्रुवारीला संध्याकाळी उद्घाटन. धुळ्यातली निवडक मंडळी बोलावली आहेत. एक थोर पाहुणे बाहेरगावचे आहेत. कोण, ते आत्ता विचारू नको. तुझ्यासाठी गोड धक्का आहे. चहा सगळेच देतात, म्हणून उसाचा रस ठेवला आहे. चरक घरचाच!

तुझा,
लीलाधरमामा

•

(पोस्टकार्ड)

जळगाव, २६ जानेवारी १९३८

ती. मामांस नमस्कार. लेबलांचे काम मार्गी लागले म्हणजे काय, ते कळले नाही. त्यावर माझे नाव छापू नये. छापले असल्यास उलट टपाली कळवावे. मी गिरणीत लागले तेव्हा बाई तेल तपासणार म्हणून दोन व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला होता. आता पाठवत नाहीत, कारण माझ्या सहीचा एकही कागद आजवर चुकलेला नाही. माझ्याजवळ तेवढेच आहे. — कुंदा

•

धुळे, १५ फेब्रुवारी १९३८

चि. कुंदास आशीर्वाद,

तुझं कार्ड आलं होतं. गडबडीत उत्तर राहिलं. आता सगळं सविस्तर लिहितो.

समारंभ असा झाला, असा झाला, की काय सांगू! हेडमास्तर, अभिमन वकील, कापसाचे दोन व्यापारी, एक कीर्तनकार बुवा, आणि आपले थोर पाहुणे. मी कोरफडीवर पाऊण तास बोललो. रस सगळ्यांनी घेतला. किंचित कडवट लागला, हे मी लपवत नाही. हेडमास्तरांनी एक घोट घेऊन माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात थोर पाहुणे म्हणाले, “काहीतरी औषधी दिसतंय.” मी नुसतं हसलो. मग काय! सगळ्यांनी दुसरा पेला मागून घेतला. बुवांनी तिसरा घेतला. मला साखरेच्या दुखण्यामुळे रस वर्ज्य, नाहीतर मीही घेतला असता.

मग सर्वांचं जेवण अभिमन वकिलांकडे होतं. भरीत, कळण्याची भाकरी, वरून तेल. मी पथ्याचा माणूस, घरी येऊन दूधभात खाल्ला. थोर पाहुणे जेवून लगेच रात्रीच्या गाडीने चाळीसगावकडे निघाले.

आणि इथे घात झाला, कुंदा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मंडळींचा फोटो काढायचा होता. फोटोग्राफर आला, खुर्च्या मांडल्या, हार आणले. एकही माणूस आला नाही! निरोप पाठवावा तर निरोप नेणारा परत येऊन सांगतो, “साहेब आत आहेत.” सगळेच आत! हेडमास्तरांनी शाळेला सुट्टी दिली. बुवांचं संध्याकाळचं कीर्तन दोनदा थांबलं. पूर्वरंगात एकदा आणि अभंगाच्या मधोमध एकदा. शेवटी फोटोत मी, मामी आणि रिकाम्या खुर्च्या एवढेच आलो. प्रत पाठवतो. मामीने डोळे मिटले आहेत. ती म्हणते मुद्दाम.

सगळा दोष त्या भरताचा. गावभर तेच बोलतात. अभिमन वकिलाच्या बायकोने, यशोदाबाईने, वांगी शिळी वापरली असणार. वकील आज कोर्टात उभा राहिला तर मागून कोणीतरी “वांगं” म्हणालं. माझ्या समारंभाला गालबोट लागलं ते लागलंच.

तुझा,
लीलाधरमामा

(पेन्सिलीने) रस मी चाखा व्हता. कडू जहर. मी सांगं त्यासले, त्या म्हणे “आलं शे त्यामा.” बठ्ठा लोके पी ग्यात. यशोदाबाई दोन दिन पाईन रडी राह्यनी. — मामी

•

जळगाव, १८ फेब्रुवारी १९३८

ती. मामांस,

नमस्कार. फोटो मिळाला. खुर्च्या स्पष्ट आल्या आहेत.

भरताने काही झालेले नाही. यशोदाबाईंकडे त्या घरची माणसेही तेच जेवली असतील. त्यांतले रस न प्यालेले कोणी आजारी पडले का, एवढे विचारून पाहा. बहुधा कोणीही नाही. रस संध्याकाळी घेतला, त्रास रात्र उलटून सुरू झाला. मी १६ जानेवारीच्या पत्रात आठ ते बारा तास लिहिले होते. ज्या चरकातून तुम्ही महिनाभर कोरफड काढली, त्याच चरकातून ऊस काढलात. लाकूड रस पिते. लाकडी रुळांच्या खाचांत चीक साचून राहतो आणि उसाच्या रसाबरोबर सुटतो. तुम्ही चरक धुतला असेल. लोखंडी असता तर कदाचित भागले असते.

पाहुण्यांना तुम्ही जुलाबाचे औषध दिलेत, आणि ते औषधी आहे असे हसून सुचवलेत. शास्त्रदृष्ट्या ते खरे होते.

यशोदाबाईंचा दोष नाही, हे तुम्ही स्वतः जाऊन सांगावे. चिठ्ठी पाठवू नये.

इकडे विशेष नाही. बन्सीलालशेठ सोमवारपासून गिरणीत आलेले नाहीत. प्रकृती बरी नाही असे कळते. कारण कोणी सांगत नाही. शिपाई जीवराम विचारले की हसतो. तुमचे थोर पाहुणे कोण होते, ते कळवा.

(त्याच दिवशी, संध्याकाळी)

कळवू नका. कळले.

वरचे लिहून पाकीट बंद करत होते, तेवढ्यात जीवराम आला. “शेठनी बोलावलंय. आणि बाई, शेठसमोर रसाचं नाव काढू नका.” शेठ खुर्चीत उशी घेऊन बसले होते. टेबलावर ‘कुमारी स्नो’ची डबी होती. लेबलावर विहिरीत पाहणारी बाई, तिच्याखाली ‘उन्हात पारखून घ्या’, आणि त्याखाली: ‘कु. कुंदा जीवनदास चौधरी, बी.एस्सी. यांनी तपासून पसंत केलेले.’ पदवी ठळक.

“ही सही तुमची?”

“नाव माझे आहे. सही नाही. परवानगीही नाही.”

“तुमच्या मामांनी मला तुमच्या नावावर बोलावलं. म्हणाले, भाचीचा सत्कार आहे, तिला सांगू नका. मी गेलो. मी चाळीसगाव स्टेशनात सकाळ काढली, कुंदाबाई. त्या स्टेशनात किती नळ आहेत आणि त्यांतले किती चालू आहेत, ते मला विचारा.”

मी विचारले नाही.

ते म्हणाले, “भरीत होतं ना?” नाही म्हणणे माझ्या सोयीचे नव्हते. तरी म्हटले, “भरीत नव्हते. रस होता.” शेठनी डबी पालथी ठेवली. मग म्हणाले, “शनिवारपर्यंत लेखी द्या. काय होतं, कशात होतं, कोणामुळे. त्यावर तुमची सही. मग ठरवतो, तुमची सही इथे पुढे चालेल की नाही.”

मी लेखी देणार आहे. त्यात तुमचे नाव येईल. आधी कळवते आहे, एवढेच.

कुंदा

•

धुळे, २१ फेब्रुवारी १९३८

कुंदे,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

नाव छापलं होतं. तुझं कार्ड आलं त्याच्या आधीच छापलं होतं, आणि कार्ड आल्यावर सांगायचा धीर झाला नाही. गोड धक्क्याचा बेत होता तो खरा होता. तुझं नाव धुळ्याच्या लोकांनी तुझ्या शेठसमोर मोठ्याने वाचावं, असं मनात होतं.

अभिमन वकिलाकडे काल गेलो. त्यांच्या ओट्यावर चार माणसं बसली होती, म्हणून बाहेरच उभं राहून बोललो, म्हणजे गल्लीला ऐकू जावं. म्हटलं, “वांग्याचा काही गुन्हा नाही. गुन्हा माझ्या चरकाचा.” वकील म्हणाला, “लीलाधरभाऊ, हे कोर्टात सांगाल?” म्हटलं, “तिथेही सांगेन.” यशोदाबाई आतून म्हणाली, “आधी भरीत खा, मंग बोला.” खाल्लं. तिने पथ्याचं विचारलं नाही, मीही बोललो नाही. चांगलं होतं.

शेठना मी वेगळं पत्र टाकलं आहे. भाचीने नकार दिला होता, तिचा शब्दही यात नाही, असं लिहिलं. तू मला आधीच सावध केलं होतंस हेही लिहिलं. खाली सही केली. माझ्या सहीला काही किंमत नाही, तरी केली.

तीनशे डब्या उरल्या आहेत. लेबलं भिजवून काढावी म्हणून मामी आणि मी हौदाशी बसलो, सुटत नाहीत. डिंक मीच केला होता. आयुष्यात माझी एकच गोष्ट नीट चिकटली, ती ही. तेव्हा प्रत्येक डबीवरच्या तुझ्या नावावर काळ्या शाईने रेघ ओढतो आहे. ड्रॉइंग मास्तर आहे, रेघ सरळ येते.

चरक सुकदेव घेऊन गेला. डब्याही घेऊन जा म्हटलं, नजरेसमोर नकोत.

लीलाधर

•

(पोस्टकार्ड)

जळगाव, २ मार्च १९३८

ती. मामांस नमस्कार. अहवाल दिला. शेठनी वाचला, दोनदा. म्हणाले, “जी मुलगी मामाविरुद्ध लिहिते ती माझ्या तेलाविरुद्धही लिहील. अशी माणसं परवडत नाहीत. पण ठेवावी लागतात.” मी कामावर आहे. तुमचे पत्र त्यांनी मला दाखवले नाही, खिशात ठेवले. मामींना नमस्कार. — कुंदा

•

धुळे, २८ ऑगस्ट १९३८

चि. कुंदास आशीर्वाद,

सहा महिन्यांनी लिहितो. त्या कार्डानंतर तू लिहिलं नाहीस, ते रास्तच. आता जे लिहितो ते वाचून हसू नको, किंवा हस. पण उत्तर दे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायला सोनगीरला सुकदेवकडे गेलो होतो. त्याचा मोट्या बैल तुला आठवत असेल, तू पडलीस त्या गाडीच्या बैलाच्या घराण्यातला. त्याच्या खांद्याला जुवाने मोठी जखम होती. उन्हाळ्यात कावळे टोचायचे, माश्या बसायच्या, जोडीचा बैल चाटून चाटून चिघळवायचा. यंदा बघतो तर खांदा कोरडा, वर नवे केस. म्हटलं, हे काय? तर सुकदेव खाली बघत म्हणतो, “मास्तर, तुमनी तोंडनी दवाई.”

मी नको म्हणून दिलेल्या डब्या याने जखमेवर लावल्या! पहिल्या दिवशी जोडीच्या बैलाने एकदा चाटलं आणि असं तोंड केलं म्हणे, की ऐकून मला हेडमास्तरांची आठवण झाली. पुन्हा जीभ लावली नाही. कावळा एकदा बसला आणि उडाला. माश्या फिरकेनात. आता त्या गावात कोणाचा बैल खांद्याने आला की डबी मागायला येतात. तीनशे संपल्या. चोपड्याहून माणूस येऊन गेला.

तर विचारायचं असं: करू का पुन्हा? फक्त बैलांसाठी. उसाचा रस त्या चरकातून नाही, कधीच नाही. सुकदेवने त्यावर विळ्याने खूण करून ठेवली आहे. लेबल नवं काढलं, सोबत पाठवतो. बैल आहे. मामी म्हणते, बाईपेक्षा बैल फार चांगला आला. चार माणसांनीही तेच म्हटलं, म्हणून मानतो.

तुझं नाव घालणार नाही. पण तू काय म्हणतेस ते लिहून दिलंस, तर जसंच्या तसं छापीन, काना-मात्रा न बदलता.

तुझा,
लीलाधरमामा

(पेन्सिलीने, पाकिटाच्या आतल्या बाजूला) कुंदा, एक सांगस. त्यासले सांगू नको. मांगनी दिवाळीले तू उनी व्हती, तवय तुना हात देखात त्यासनी, फुटेल, रगत निंघेल. तू गई आनि हाई बठ्ठं सुरू व्हयनं. “मीच तिले शिकाले धाडं, तिना हात मन्हामुये आशे व्हयनात,” आशे म्हणेत. पहिली डबी तुनीच व्हती. ती तू हातले लावी का नही? — मामी

•

जळगाव, ३ सप्टेंबर १९३८

ती. मामांस,

नमस्कार. बैल चांगला काढला आहे. शिंगांचा कोन बरोबर आहे.

छापण्यासाठी मजकूर देते. “हा लेप अत्यंत कडू आहे, याची मी परीक्षा करून खात्री देते. कडूपणा कोरफडीच्या चिकाचा आहे. जनावरे तो चाटत नाहीत, असे सोनगीरचे शेतकरी सुकदेव सांगतात; मी ते पाहिलेले नाही, परंतु न मानण्याचे कारण दिसत नाही. माणसांनी तोंडाला लावू नये. पोटात घेऊ नये.” त्याखाली माझे पूर्ण नाव घालावे. पदवी साध्या टाइपात.

‘उन्हात पारखून घ्या’ हे ठेवायला हरकत नाही. आता ते खरे आहे.

तुमची पहिली डबी मी परीक्षानळ्यांत संपवली. हातांना लावली नाही. त्या डबीचे म्हणाल, तर लावली नाही हेच बरे झाले. पण ती हातांसाठी होती, हे मला तेव्हा दिसायला हवे होते. तुम्ही ‘तोंडाला’च्या आधी ‘हातांना’ लिहिले होते. मी पदवीचे वाक्यच वाचत बसले.

तेल तपासताना लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याने हात फुटतात, ते माझ्या कामात धरलेलेच आहे. त्याला तुम्ही कारण नाही. तिथे तेल तपासायला एक बाई आहे, त्याला मात्र तुम्ही कारण आहात.

हिलाल येणार असल्यास त्याच्याबरोबर कोरफडीची चार पाने पाठवावी. अख्खी. कापू नये, टांगू नये, चरकाजवळ नेऊ नये. पुढचे मी करते.

मामींना सांगा, पाकीट मी नीट उघडले.

कुंदा

•

(पोस्टकार्ड)

जळगाव, १ ऑक्टोबर १९३८

ती. मामांस नमस्कार. पाने मिळाली. दोन अजून ताजी आहेत. चीक गळवून, धुऊन, गर काढला. टाकणखाराची परीक्षा केली; झाक नाही. तुलना करता यावी म्हणून रोज फक्त डाव्या हाताला लावत होते, उजवा तसाच ठेवला होता. डाव्याच्या भेगा मिटत आल्या आहेत, रक्त येत नाही. उजवा होता तसाच आहे. निष्कर्ष काढायला आणखी दोन आठवडे हवे होते. पण काल उजव्यालाही लावले. प्रयोग बिघडला. दिवाळीला येते, तेव्हा दोन्ही पाहा. — कुंदा